झुपकीची ढोली

फार वर्षांपूर्वी एका शिरीषाच्या झाडावर झुपकी नावाची खार राहायची. तिची ढोली सुतारपक्ष्याकडे गहाण होती. दहा वर्षांची फेड लवकर उरकावी म्हणून ती अर्धपोटी राही, आणि मैना दाराशी आली की दाणा वाचवायला आतूनच ओरडे, “घरात कुणी नाही गं!”

सहाव्या वर्षीच ढोली सुटली. “जिंकलीस बाई! आता मी काही यायचा नाही,” म्हणत सुतारपक्षी उडून गेला.

मग झुपकी वाट पाहत बसली. पान वाजलं तरी दचकून दाराशी धावे. कुणीच नसे.

शेवटी तीच सुतारपक्ष्याकडे गेली. “दादा, उद्या याल?”

“का गं? काही देणं राहिलं?”

“नाही हो. वास्तुशांत आहे. बोलवावं असं दुसरं कुणी उरलंच नाही.”