सत्काराचा हार

"राग गेला हे ओळखायचं कशावरून, आक्का?"

मुकुंद शिराळकरांनी मठाच्या पायऱ्यांशी पोचता पोचताच विचारलं. विचारलं कसलं, सांगितलंच. ज्याला आपला राग गेल्याची खात्री असते तोच असं विचारतो.

गोदाक्का ओसरीवर परात घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाचा गेला?"

"माझा."

"कुठं गेला?"

शिराळकर हसले. आक्कांच्या अशा बोलण्यावर हसायचं असतं, असा त्यांचा समज होता.

मोरदरीच्या पठारावरचा हा मठ लहान. एक देऊळ, एक ओसरी, एक धुनी. गुरूंच्या मागे आक्काच तो सांभाळत होत्या. त्यांच्या शांतीची ख्याती कुणी ऐकली नव्हती, रागाची मात्र सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती. तरी माणसं येत. शिराळकर तर तरुणपणापासून येत.

शिराळकर डॉक्टर होते, पण झाडापाल्याचे. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सध्या एका समितीचे प्रमुख.

समिती कशाची, तर एका फुलाची. कॉसमॉस नावाचं नारंगी फुलझाड परदेशातून बागांसाठी आलं आणि बागेतून सुटलं. खोऱ्यातल्या टेकड्या त्यानं खाल्ल्या. जिथं गुरं चरायची तिथं आता कमरेएवढं नारंगी रान होतं आणि खाली गवताची काडी नव्हती. आता ते पठाराच्या कडेपाशी येऊन ठेपलं होतं. त्याचा धोका किती ते समितीनं ठरवायचं होतं. कमी, मध्यम की तीव्र.

तीव्र ठरला तर पुढच्या मोसमात बी धरायच्या आत सगळं उपटायचं. मध्यम ठरला तर लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे आजवर कुठल्याही सरकारी कागदानं सांगितलेलं नाही.

"बैठक उद्या ना?" आक्कांनी विचारलं.

"उद्या. सही तेवढी व्हायची आहे."

"काय लिहिलंस?"

"मध्यम."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बयाबाई झोरे बसल्या होत्या. ताकाची चरवी द्यायला आलेल्या. त्यांच्या म्हशी पठारावर चरत. आधी खालच्या टेकडीवर चरत, ती टेकडी फुलांनी घेतली म्हणून त्या वर आल्या होत्या. याच्या वर आता फक्त आभाळ होतं.

"मध्यम म्हंजी काय वो, डाक्टर?"

"म्हणजे फार नाही आणि अगदीच कमी नाही, असं."

"म्हंजी माझी म्हस निम्मी उपाशी ऱ्हानार व्हय?"

शिराळकर देवळाच्या कळसाकडे बघू लागले.

"बोला की! त्या फुलाला म्हस तोंड लावत न्हाई. वासानंच मागं फिरती. खालचं कुरण गेलं तवा कुनी इचारलं न्हाई मला. आता हितलं जाईल, तवा म्हशी काय तुमच्या समितीच्या दारात बांधू?"

"बयाबाई, रागावू नका."

"का नगं?"

शिराळकर आक्कांकडे वळले. अडचणीत आलेला शिष्य गुरूकडे वळतो आणि तोंड भक्तीचं करतो.

"आक्का, मोजमाप सगळं केलं. किती वेगानं पसरतं, बी किती टाकतं, खाली काय उगवतं. खरं सांगायचं तर आकडे तीव्रच सांगत होते."

"मग?"

"खोऱ्यात आता फुलोत्सव भरतो. लांबून माणसं येतात, फोटो काढतात. उत्सवाचे अध्यक्ष घरी आले होते. म्हणाले, लोकांच्या भावना आहेत, तीव्र नको. पूर्वीचा मी असतो तर त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं असतं. यावेळी काहीच झालं नाही. मन हललं नाही. पाण्यासारखं शांत... मला वाटलं, आक्कांची कृपा."

आक्कांचा हात तांदळात थांबला.

"आणि एक. त्या झाडाला परकं लिहिताना माझा हात अडला. तुम्हीच सांगितलंत ना मला, परकं कोणी नसतं? आपपर भाव सोड?"

आता आक्कांनी मान वर केली.

"केव्हा सांगितलं?"

"भावाशी माझं बोलणं बंद होतं, तेव्हा."

"भावासाठी सांगितलं होतं ना?"

"हो, पण..."

"दिलेलं औषध ज्याच्या त्याच्या घशात ओतत फिरतोस? ते तुला भावाच्या दारात जाण्यासाठी दिलं होतं. तू ते बयेच्या कुरणावर पेरून आलास! अध्यक्षाला भ्यालास, तर भ्यालो म्हण. तेवढं तरी खरं होईल. भित्रेपणाला माझ्या नावाची शाल कशाला पांघरतोस?"

शिराळकरांचा चेहरा उतरला. पण हललेलं मन दिसू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं. त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि आवाज आणखी मऊ केला.

"तुमचा राग शिरसावंद्य. आज उत्सवात माझा सत्कार झाला. मठाची रीत मोडली नाही मी. हार घरी न नेता सरळ इकडे आलो."

या मठाची रीत अशी, की शिष्याला बाहेर कुठं मान मिळाला तर तो हार त्यानं घरी न्यायचा नाही, गुरूच्या पायांवर घालायचा. मान डोक्यात जाऊ नये म्हणून. चांगली रीत आहे. शिराळकरांनी ती कधी चुकवली नव्हती.

इतका वेळ पाठीमागे धरलेला हात त्यांनी पुढं केला. हातात हार होता. भला मोठा, नारंगी.

ते पहिली पायरी चढले...

"तिथंच थांब!"

आक्कांच्या आवाजानं देवळामागचे पारवे उडाले.

"मागं हो. पायरीवरनं खाली उतर. हलवू नकोस तो हार. हलवू नकोस म्हणते ना!"

शिराळकर एक पाय वर आणि एक खाली असे उभे राहिले. मग हळूच खाली उतरले.

हार कॉसमॉसचा होता. मोसम संपत आलेला, फुलं कमी पडली असतील, म्हणून ओवणाऱ्यानं मधेमधे वाळलेली बोंडंही ओवली होती. बोंडं उकललेली होती. काळं, सुईसारखं बी, टोकाला दोन बारीक काटे. हारातलं निम्मं बी हारात नव्हतंच. ते शिराळकरांच्या सदऱ्यावर होतं, विजारीच्या पायांना होतं, खांद्यावरच्या शबनम पिशवीला होतं.

आणि बाकीचं पायवाटेवर. ते खोऱ्यातून पठारावर चालत आले होते, सगळ्या कुरणातून, हार हातात झुलवत.

बयाबाई उठून उभ्या राहिल्या. एकदा पायवाटेकडे बघितलं, एकदा शिराळकरांकडे.

"आमी ह्या कुरणात शेळी सुदिक सोडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् तुमी..."

वाक्य अर्धंच टाकून त्या पायवाटेवर बी शोधायला उतरल्या.

आक्कांनी परातीतले तांदूळ सुपात ओतले. परात पालथी करून झटकली. मग पायऱ्या उतरून आल्या आणि रिकामी परात शिराळकरांच्या पायाशी आदळली.

"वेच."

"आक्का, मी..."

"आधी हार ठेव यात. मग अंगावरचं वेच. एकेक."

"मी घरी जाऊन कपडे बदलतो."

"याच वाटेनं?"

शिराळकर खाली बसले.

सदऱ्याला चिकटलेलं पहिलं बी त्यांनी सहज काढलं. दुसरं बोटाला टोचलं. तिसऱ्याचा काटा धाग्यात अडकला आणि बी मोडलं. ते शिलाईतून बी काढायचे तर बाहीत दुसरं निघायचं. बाहीचं झालं तर मोज्यात टोचायचं. विजारीच्या दुमडीत तर अशी दाटी होती, की ते बघतच राहिले.

या बियांवर त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली होती. बी जनावराच्या केसाला कसं चिकटतं, मग कसं दूर जातं, याचं चित्र ते फळ्यावर काढत. चित्रात नेहमी गाय असे.

ऊन कलत गेलं. आक्का पायरीवर बसल्या होत्या. बयाबाई पायवाटेवर वाकून वाकून शोधत लांब गेल्या होत्या. गवतात सुई शोधावी तसं. पण हे गवतातच होतं, आणि सुईसारखंच होतं.

"आक्का..." शिराळकरांचा आवाज आता मऊ नव्हता. "एखादं राहिलं असलं तर?"

"एखाद्यानं काय होतंय?"

"एखाद्यानंच होतं! एक झाड उगवलं की..."

"मध्यमच होईल की."

शिराळकरांचा हात परातीवर तसाच राहिला. मान ताठ झाली. कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्या.

इतक्यात त्यांच्या शबनममधला फोन वाजला.

फोन काढताना शबनमवरचं बी पुन्हा त्यांच्या तळहातात घुसलं. ते त्यांनी दातांनी उपटून परातीत टाकलं.

उत्सवाचे अध्यक्ष बोलत होते. पठारावर रेंज धड नाही, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते आणि ओसरीपर्यंत ऐकू येत होतं. हार घातलेला फोटो फार सुंदर आलाय, सर. छापायला देतोय. खाली लिहितोय, तज्ज्ञ म्हणतात, काळजीचं कारण नाही. चालेल ना, सर? आणि पुढच्या वर्षी उत्सव वर पठारावरच घेऊ म्हणतो...

"काय घेऊ म्हणता?"

शिराळकर उभे राहिले.

"वर? इथं? तुमच्या उत्सवाचं बी मी माझ्या विजारीतून इथं आणलंय! दुपारपासून वेचतोय मी! ...नाही. ऐका. मध्यम नाही. तीव्र. तीव्र म्हणतोय! ...भावना? इथं एका बाईच्या म्हशी उपाशी मरतील, त्या काय तुमच्या भावना खातील? फोटो छापलात तर खाली माझं नाव घाला, आणि मी मूर्ख आहे असं लिहा. हो, तसंच! उद्या बैठकीत सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे मी. या तिथं, ऐकायला!"

पठाराच्या कडेला चरणाऱ्या म्हशीनं मान वर केली. पायवाटेवर वाकलेल्या बयाबाई सरळ झाल्या आणि इकडे बघत राहिल्या.

शिराळकरांनी फोन बंद केला. सदऱ्याची एक बाही उलटी, पायात मोजा नाही, केस विस्कटलेले. बरं दिसत नव्हतं. पण आल्यापासून पहिल्यांदाच ते नीट उभे होते.

आक्कांनी परात उचलली. धुनीपाशी गेल्या. हार आणि बी निखाऱ्यांवर ओतलं आणि परात पुसून कोरडी केली.

शिराळकर पायरीपाशी आले. पाय वर ठेवायचा की नाही, त्यांना कळेना.

"आक्का... इतकी वर्षं तुमच्यापाशी बसलो. आणि बघा... राग आला."

आक्का सुपातले तांदूळ पुन्हा परातीत ओतत होत्या.

"आला ना? मग दारात का उभा केलास त्याला?" त्या म्हणाल्या. "तो आपला आहे. आत घे."