सात घरांचा दोर

पूर्वी उत्तरेकडे सुतनू नावाचा राजा राज्य करीत असताना, एका खोल दरीच्या काठी सात घरांचे गाव होते. त्यातल्या एका घरात बोधिसत्त्व जन्मला होता. त्याचे नाव सुबंध. दरीवरचा पूल एका जाड दोरावर तोललेला होता आणि पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती. दर तीन वर्षांनी तो दोर बदलावा लागे. चाल अशी होती, की प्रत्येक घराने अंबाडीच्या वाखाचा एक पेड वळायचा आणि सातही पेड ओले असतानाच एकत्र पिळायचे. आधी वळलेला पेड वाळून ताठ होई, म्हणून पहिला पेड वळण्याची घाई कोणालाच नसे.

त्या वर्षी सुबंधाने जुन्या दोरात बोट घातले, तर आतून भुसा निघाला. त्याने आपला पेड वळला, झऱ्यात भिजवून ठेवला आणि तो शेजारच्या तिरीटाकडे गेला.

तिरीट अंगणात ऊन खात बसला होता. "ये, बस. तुझा पेड झाला म्हणे. आता तो वाळेपर्यंत आम्ही बघतो."

"दोर कुजलाय, दादा."

"मग बाकीच्या पाच जणांना विचार. त्यांचे झाले, की माझे एका दुपारचे काम."

त्या पाच घरांतही हेच उत्तर मिळाले. नाही असे कोणीच म्हटले नाही. सुबंधाने आणखी दोनदा विचारले, तेही हसून. माणसे दुखावू नयेत असे त्याला वाटे. मग तो आपला पेड रोज भिजवत राहिला.

महिना गेला. एके सकाळी पलीकडच्या काठावरून हाका आल्या. तिथे एक बाई अडली होती. गावची सुईण केशिनी निघाली, तेव्हा सुबंधाने तिला पुलाच्या तोंडाशी अडवले.

"मावशी, आजचा दिवस थांब. आज मी सगळ्यांकडून वळून घेतो."

"तुमचे पेड थांबतील रे. पोर कसे थांबेल?" असे म्हणून ती चालू लागली.

ती मध्यावर असताना दोर तुटला.

वाख प्रत्येक घरात पडलेलाच होता. सूर्य मावळण्याआधी सहाही पेड वळून झाले. पलीकडच्या हाका दुपारीच थांबल्या होत्या.

मग "सुबंध आधी तुझ्याच दारी आला होता," असे म्हणत पाच घरची माणसे तिरीटाला दरीत लोटायला निघाली. सुबंध मध्ये उभा राहिला. "माझा पेड महिनाभर तयार होता," तो म्हणाला. "मी तो भिजवत बसलो. तुमच्या अंगणात येऊन तुमच्याबरोबर वळायला बसलो नाही. लोटायचे तर आधी मला लोटा."

कोणी पुढे आले नाही. रात्र पडायच्या आत त्यांनी नवा दोर पिळला.

ही आपल्या एका पूर्वजन्माची गोष्ट शास्ता, म्हणजे गुरू, आपल्या भिक्षूंना सांगत होते. समोर बसलेल्या भिक्षूंनी आजाऱ्यांच्या कुटीचे छप्पर एकमेकांची वाट पाहत अर्धे ठेवले होते, आणि कालच्या थंडीत त्या कुटीतला एक आजारी भिक्षू गेला होता.

"ती सहा घरे म्हणजे तुम्ही," शास्ता म्हणाले. "केशिनी म्हणजे काल गेलेला तुमचा सोबती. आणि स्वतःचे काम आटोपून बसलेला सुबंध मी होतो. तेव्हा आपणा सगळ्यांत उणा पडला तो गुण अप्रमाद, म्हणजे आळस न करता वेळीच झटणे."

भिक्षू उठले. छप्पर सूर्य मावळण्याआधी शाकारून झाले.