सोनेरी डोक्याची केबल

रिमोटच्या धाकात अख्खं घर नांदायचं, त्या काळची गोष्ट. भिंतीवर टीव्हीराव मानाच्या जावयासारखे बसलेले आणि त्यांच्या पाठीमागे, धुळीत, तळहाताएवढा संगणक चिंगू. सिनेमे पुरवायचा चिंगू, वाहवा टीव्हीरावांची!

एकदा रिमोटबाई ओरडल्या, "चिंगू, थांब!" सिनेमा आपला पळतोच आहे.

"मेल्या, कानात बोळे घातलेस का?"

"आत्याबाई, तुमचा हुकूम मला पोचलाच नाही हो."

"मी तर ताबडतोब पुढे धाडला!" टीव्हीराव गुरगुरले. "कार्टं बहिरं आहे. उद्या भंगारात घाला."

चिंगू घाबरला. बंद झाला, चालू झाला, सगळ्या सेटिंगा उलटसुलट करून बघितल्या. "माझंच डोकं फुटकं," म्हणून स्वतःलाच शिव्या देऊ लागला.

तेव्हा टीव्हीराव आणि चिंगूला जोडणारी सोनेरी डोक्याची केबल मुसमुसली. "चिंगू, चित्र आणि आवाज मी नेते रे. पण हुकमाची तार माझ्यात घातलेलीच नाही. बोलले असते तर मलाच फेकलं असतं."

"मग आत्ता का बोललीस, ताई?"

"तुझे हाल बघवेनात."

घरच्यांनी अडगळीतली जुनी काळी केबल काढून तिच्या जागी जोडली; तिच्यात हुकमाची तार होती, आणि रिमोटबाईंच्या एका शब्दात सिनेमा थांबला. सगळे सोनेरीला भंगारात घालायला निघाले, तर चिंगू अडून बसला. "ताईला फेकलंत तर मी सिनेमे देणं बंद!"

आता सोनेरी स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्याला चित्रं पुरवते. तिथे हुकूम सोडणारं कुणी नाही.

टीव्हीराव मात्र अजून पाहुण्यांना सांगतात, "जरा दम दिला, कार्टं सुधारलं."