राजाचा रांजण आणि हौसाचा माग

एक होता राजा. त्याच्या नगराला दगडी कोट होता, आणि कोटाला बोलणारी वेस होती. ती काय बोलली ते पुढे सांगते. नगरापल्याड डोंगर, डोंगरावर वाडी, आणि वाडीत राहायची हौसा. हौसा घोंगड्या विणायची. काळ्या मेंढीची लोकर कातायची, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायची, वर चिंचोक्याची खळ द्यायची. तिच्या घोंगडीतून पाण्याचा थेंब आत येत नसे, बरं का. तो माग सासूनं तिच्या हाती दिला होता. तिला तो लेकीच्या, पारूच्या, हाती द्यायचा होता. बाकी तिचं देवाकडे काही मागणं नव्हतं.

वाडीत एक रीत होती. कुणाकडून भरलेलं भांडं आलं, तर ते रिकामं परत धाडायचं नाही. तुम्हीही पाळता ना? तीच.

मग एका वर्षी पाऊस रुसला. राजानं वाडीला घागरभर गहू धाडले. खोटं कशाला बोलू, त्या गव्हावर लेकरं जगली. मग घागर परत करायची वेळ आली. हौसा म्हणाली, "रिकामं कसं धाडायचं? मूठभर लोकर घाला." लोकर घातली, घागरीनं ती गिळली. आणखी घातली, तीही गिळली. अख्ख्या वाडीची लोकर पोटात गेली, तेव्हा कुठे घागर जमिनीवरून हलली. राजाचा कारभारी हसत म्हणाला, "काय मोठं मन हो तुमचं."

पुढच्या साली वाडीची नाचणी अशी पिकली की कणग्या पुरेनात. आणि ऐन सुगीत पुन्हा राजाचे गहू आले. घागर आता वाढून पिंपाएवढी झाली होती. राजाच्या कोठारात गहू सडायला लागले होते, ते कुठेतरी ओतायचे होते. हे मात्र कारभारी बोलला नाही. मग फुकटचे गहू असताना नाचणी कोण घेतो? पोती बाजारात पडून राहिली. पिंपानं जाताना लोकर नेली, मध नेला, बियाण्याची नाचणीसुद्धा नेली. मग पेरायला काही राहिलं नाही, आणि वाडीनं राजाच्या गव्हाची वाट बघायची सवय लावून घेतली.

तिसऱ्या खेपेला आला रांजण, झोपडीएवढा. त्यात मऊ मऊ शाली, फुकट. हौसानं एक शाल गालाला लावली आणि तिचा हात तिथेच थांबला. लोकर तिच्याच मेंढीची होती. त्या दिवसापासून तिची घोंगडी कुणी घेईना.

"फुकटाशी भांडू तरी कशी?" ती पारूला म्हणाली. "नगरातच नेऊन विकते."

मग ती वेशीशी गेली. आधी लोकरीचा भारा दाखवला. वेस एवढी रुंद झाली की बैलगाडी जावी. मग कातलेलं सूत दाखवलं. वेस आक्रसून खिडकीएवढी झाली. मग घोंगडी काढली. वेस उंदराच्या बिळाएवढी झाली.

"अगं बये," हौसा म्हणाली, "तुझ्या शाली माझ्या दारी आल्या, तेव्हा मी दार बारीक केलं होतं का?"

वेस म्हणाली, "तो धर्म होता, बाई. हा धंदा आहे."

हौसा घोंगडी खांद्यावर टाकून डोंगर चढली. घरात पाऊल टाकलं, तर मागाच्या जागी नुसता खड्डा. पारू खड्ड्याच्या काठाशी बसून होती. वाडीतला जाणता यसबा मान खाली घालून उभा.

"कारभारी खोळंबला होता," यसबा म्हणाला. "रांजण हलेना. वाडीत घालायला दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि हौसाक्का, तूच म्हणाली होतीस ना, रिकामं कसं धाडायचं."

 हौसा त्याला काय बोलणार? शब्द तिचेच होते.

मग ती आपल्या मागाच्या शोधात नगरात गेली. या वेळी हातात काही नव्हतं. वेस सताड उघडली. "रिकामे हात आम्ही कधी अडवत नाही," ती म्हणाली. आत हौसाचाच माग मांडला होता, आणि त्यावर बसायला मजूर हवाच होता. हौसा बसली. ती विणायची, काठावर राजाचा शिक्का पडायचा, आणि शाली रांजणात भरून डोंगरावर जायच्या. दान म्हणून.

त्यातली एक पारूला मिळाली. काठाच्या कोपऱ्यात, आई घोंगडीला मारायची तीच गाठ होती. पारूला विणता येत नव्हतं, शिकवायला माग कुठे होता? पण गाठ तिनं ओळखली. ती शाल तिनं कधी पांघरली नाही.

राजा मात्र सुखात राहिला. मोठा दानशूर म्हणून त्याचं नाव झालं. डोंगरावरचे लोक आळशी आहेत, असं नगरातली माणसं जेवताना एकमेकांना सांगत राहिली.

झाली गोष्ट. निजा आता. आणि सकाळी शेजारच्या काकूंची वाटी परत न्याल, तेव्हा तीत मूठभर शेंगा घाला, बरं का. ती वाटी घातलेलं गिळत नाही.