तोलाचा दगड आणि तुपाची वाटी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की कड्याखालच्या त्या रानाला तेव्हा नावही नव्हतं. पण म्हातारे पारावर बसून तरुणांना अक्कल तेव्हाही शिकवत होते. म्हणजे तसं फार काही बदललेलं नाही.

त्या रानात मधकाढ्यांचं एक गाव होतं. उंच कड्याला आग्या माश्यांची मोहोळं लटकायची आणि गावची माणसं दोरावरून उतरून मध काढायची. दोर सख्ख्या भावानंच धरायचा, अशी रीत. नवऱ्यानं धरलेला चालत नसे. का, ते ज्याचं त्यानं समजावं. भावानं दोर ताठ ठेवायचा, वर चढायचं ते स्वतःच्या हातांच्या जोरावर.

दुसरी रीत तोलाची. उतरणीच्या, म्हणजे मध काढायच्या दिवसाच्या, आठवडाभर आधी पारापाशी मोठा तराजू टांगायचा. एका पारड्यात तोलाचा दगड, दुसऱ्यात माणूस. दगडापेक्षा जो जड भरेल त्यानं दोराला हात लावायचा नाही. त्याच्या वाट्याचा कडा दुसऱ्याला जायचा, आणि गेलेला कडा परत मिळायचा नाही.

भिवरा ही तिथलीच एक मधकाढीण. तिचा कडा तिच्या आईकडून आलेला. पण गेल्या साली तिचा पाय मोडला, ती घरी बसली आणि बसल्या बसल्या अंग सुटलं. रानात मोहोर दिसायला लागला तेव्हा तिनं घरीच तोलाच्या दगडाएवढा धोंडा घेऊन गुपचूप स्वतःला तोलून बघितलं. दगड वर, भिवरा खाली.

तिनं जेवण अर्धं केलं. सकाळी अर्धी भाकरी खायची आणि संध्याकाळी भुकेनं टोपलीच रिकामी करायची. काटा हलेना.

वर पठारावर मेंढपाळ राहत. त्यांच्याकडे भाकरी नाही, भात नाही. दूध-दही, तूप, मटण आणि रानातली भाजी. माणसं काठीसारखी. भिवराच्या मनात आलं, आपणही भाकरी सोडून तुपावर राहून बघावं का? पण आधी विचारावं कुणाला तरी. आणि विचारायचं म्हटलं की गावात एकच जागा, पार.

"तूप खाऊन बारीक होणार?" थोरला पंच खो खो हसला. "भिवरे, तूप खाल्लं की अंगाला तूपच चढतं. पडलीस तेव्हा डोक्याला पण लागलं होतं का गं?"

"असं काही नाही हं," दुसरा पंच म्हणाला. "माझा आजा नुसत्या लोण्यावर जगायचा. वाघाच्या मागं पळायचा, वाघाच्या!"

"मग किती वर्षं जगला, तात्या?" भिवरानं विचारलं.

"तरणाच गेला. एक दिवस वाघ मागं वळला."

"आणि आबा, तुम्ही? तुम्ही कधी भाकरी सोडून बघितलीत?"

"मी कशाला सोडू?" थोरला पंच पोटावरून हात फिरवत म्हणाला. "मला कुठं कडा उतरायचाय?"

झालं. खाल्लं कुणीच नव्हतं, चव मात्र सगळ्यांना ठाऊक. शिवाय भिवराचा कडा सुटला तर तो थोरल्या पंचाच्या पुतण्याला मिळणार होता. हे पारावर सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच बोललं नाही.

भिवरा पठारावर गेली. मेंढपाळीण ताक घुसळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, आमच्याकडं पिकत नाही म्हणून आम्ही खात नाही. मिळाली तर मलाही भाकरी गोडच लागते. आणि दिवसभर मेंढरांमागं चालतो, ते कुणी तोललं का? माझ्या दिराला तुपानं पोटात कळ यायची, तो खाली भातावर खुशाल आहे."

"म्हणजे मी खाऊ की नको?"

"मला माझं पोट ठाऊक, तुझं कुठून कळणार? बघ खाऊन. पण पहिले काही दिवस हातपाय थरथरतात, म्हणतात नवे आलेले. तेव्हा झाडावरही चढू नको. पोटात कळ आली तर सोड."

भिवरानं भाकरी बाजूला ठेवली, पण डोकं नाही. ताटात पठारावरची तुपाची वाटी, दूध-दही आणि भाजी आली. घरामागच्या उंबराला तिनं दोर टांगला आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर रोज त्याला लोंबकळून बघू लागली. सुरुवातीला हात खरंच थरथरले. एकदा ती पाचोळ्यात धपकन पडली.

"ताई, कड्यावर असं झालं तर?" भाऊ घाबरून म्हणाला.

"म्हणून तर इथं पडतेय."

हळूहळू थरथर गेली. भूक शहाणी झाली. पोटानं कुरकुर केली नाही. तोलाच्या दिवशी ती पारड्यात बसली आणि काटा मधोमध थांबला.

थोरला पंच घसा खाकरून उभा राहिला. "मी म्हणालोच होतो, तुपात दम आहे! आजपासून एकाही मधकाढ्यानं उतरण होईपर्यंत भाकरीला शिवायचं नाही."

"आबा, आत्ता नको," भिवरा म्हणाली. "आठवड्यावर उतरण आलीय. सगळ्यांचे हात थरथरतील. आणि जे आधीच हलके आहेत त्यांनी कशाला?"

"काल विचारायला आलीस आणि आज शिकवायला? खाली बस."

उतरणीच्या दिवशी थोरल्या पंचाचा पुतण्या अर्ध्या कड्यावर अडकला. बिचारा आधीच हलका, त्यात आठवडाभर काकाचा हुकूम. हात लटपटायला लागले. ना वर जाता येई, ना खाली. वरून काका ओरडत होता, "अरे, चढ की!" ओरडायला काय लागतं?

शेजारच्या दोरावर भिवरा होती. तिनं मोहोळाचा तुकडा कापला, बांबूच्या टोकाला खोचला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"खा."

"पण काकांनी..."

"काका दोराला लटकलाय की तू?"

त्यानं मेणासकट चावून खाल्लं. दोराला पाय गुंडाळून थोडा वेळ तसाच राहिला. मग हातात जीव आला आणि एकेक वीत तो वर चढला. वर पोचला तेव्हा काकाचं पहिलं वाक्य होतं, "गोड खाऊन नेम मोडलास?"

पुतण्यानं काकाला दंडाला धरून पारापाशी नेलं आणि पारड्यात बसवलं. तोलाचा दगड इतक्या जोरात वर गेला, की झाडावरचे कावळे उडाले. सगळं गाव हसलं. मग गावानं तिसरी रीत पाडली: दुसऱ्याच्या जेवणाचा निवाडा करायचा असेल, तर आधी तेच जेवण स्वतः जेवायचं आणि उंबराच्या दोराला लटकून दाखवायचं. तेव्हापासून पारावर हवापाण्याच्या गप्पा फार वाढल्या.

भिवराचा कडा भिवराकडेच राहिला. मध उतरल्यावर तिनं एक भाकरी परत ताटात घेतली. काटा वर-खाली होतो का बघितलं, आणि मग किती खायची ते तिचं तिनं ठरवलं.

बोध एवढाच: ज्याचं पोट, त्यानंच जपून पारखून आपलं ताट ठरवावं, ऐकीव गोष्टीवर भाकरी स्वतः सोडू नये, आणि दुसऱ्याला तर मुळीच सोडायला लावू नये.