राजेसाहेबांच्या गाडीतला चोर

“हणमंता, पेट्रोल कोण पितंय? गाडी की तू?”

राजेसाहेबांच्या या सवालानं पोर्चमधली कबुतरंसुद्धा गप्प झाली. कणेरगडचं राज्य केव्हाच गेलं होतं, पण राजेसाहेबांचा आवाज अजून राज्यातच होता!

बॅटरी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर पळणारी त्यांची हायब्रीड गाडी लिटरला तेवीस किलोमीटर जायची. दसऱ्यापासून एकदम चौदावर आली. वर्कशॉपवाल्यांनी दोनदा ठेवून घेतली आणि दोनदा “एकदम ओके, तेवीस देते!” म्हणून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा!

“मेकॅनिकच्या हातात तेवीस, ड्रायव्हरच्या हातात चौदा,” कारभारी गणोजीराव मिशीतल्या मिशीत हसले. “हिशेब सरळ आहे, सरकार.”

“उद्या सकाळी चोर माझ्यासमोर हजर कर,” राजेसाहेब गरजले. “गाडी आता वर्कशॉपला जाणार नाही. आतली एकही वस्तू हलवायची नाही, पुरावा पुसशील! चोर मिळाला नाही, तर किल्ली ठेव आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या कर!”

त्या दोन खोल्यांत हणमंताची बायको केतकी सात महिन्यांच्या छकुलीला झोपवत होती. केतकी बी.एस्सी. होती, तेही फिजिक्स घेऊन. त्या फिजिक्सचा सध्या एवढाच उपयोग, की ती शास्त्रीय पद्धतीनं काळजी करायची. बाळ शिंकलं, की मोबाईलवर अकरा आजार शोधायचे. बाळ शांत झोपलं, की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाखाली बोट धरायचं. बोटानं बाळ जागं झालं, की ते का रडतंय म्हणून पुन्हा मोबाईल!

हणमंतानं सगळं सांगितलं. केतकी म्हणाली, “तुम्ही नाही ना चोरलंत?”

“तू पण?”

“अहो, मी आधी सगळ्यात वाईट शक्यता बघते. सवयच लागलीये. बरं, वर्कशॉपला गाडी कोण नेतं?”

“मीच.”

“आणि परत आणताना?”

“मीच की.”

“तेव्हा किती देते?”

“तेवीस... अगं, खरंच की!”

“म्हणजे हात तुमचेच. फरक एवढाच, की तेव्हा मागं सरकार नसतात.”

दोघांच्या मनात एकच विचार होता आणि त्याचं वजन शंभर किलोच्या वर होतं.

“हे सरकारांना कोण सांगणार?” हणमंत कुजबुजला. “तूच सांग. तू शिकलेली आहेस.”

“थांबा! सरकारांचं वजन काय दसऱ्याला एका दिवसात वाढलं? त्या दिवशी गाडीत नवीन काय आलं?”

“काय येणार? झेंडूची माळ. आणि सरकारांचा मखमली लोड. नुसत्या सीटला टेकून बसणं त्यांना शोभत नाही म्हणे.”

“वर्कशॉपला जाताना तो लोड कुठं असतो?”

“छे! सरकारांच्या लोडाला ग्रीसचे हात? तो मी काढून कपाटात ठेवतो.”

केतकी छकुलीला काखोटीला मारून थेट गाडीकडे निघाली. कशालाही न हलवता तिनं लोडामागून बोटं सरकवली. सीटच्या कडेला एक छोटी जाळी लागली. हणमंतानं गाडी चालू केली, तिनं जाळीपुढं बोट धरलं. सात महिन्यांचा सराव अखेर कामी आला! हवा आत जातच नव्हती. लोड जाळीला गच्च चिकटला होता.

तरीही स्वतःवर विश्वास नव्हताच. तिनं गाडीची पुस्तिका मागितली. हणमंतानं ती प्लास्टिक न फाडता जपून ठेवली होती! चित्रासकट लिहिलं होतं: या जाळीपुढं काही ठेवू नये. केतकीनं ते वाक्य चारदा वाचलं. न जाणो, तिसऱ्यांदा चुकून बरोबर वाचलं असेल!

सकाळी राजेसाहेब मागच्या सीटवर विराजमान झाले. “कुठाय चोर?”

“गाडीतच आहे, सरकार,” केतकी म्हणाली. आवाज छकुलीपेक्षा बारीक निघाला.

“गाडीत मी आहे!”

“आणि सरकार त्याच्यावरच रेललेत.”

राजेसाहेबांनी मागं वळून पाहिलं. “आमचा लोड? लोड पेट्रोल पितो?”

“पीत नाही, सरकार, गळा दाबतो. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, ती या जाळीतून श्वास घेते. श्वास कोंडला की तापते आणि काम टाकते. मग सगळा भार एकट्या पेट्रोलवर!”

“मग काढून दाखव!”

“मला मनाई आहे. एकही वस्तू हलवायची नाही, असा सरकारांचाच हुकूम आहे. आरोपीला सरकारांनी स्वतः पकडावं लागेल.”

राजेसाहेबांनी लोडाची मुंडी धरली, दोन हिसके दिले आणि त्याला बाहेर ओढलं. “फेका हा!”

“नको, सरकार! वजन तेच राहायला हवं. कारभारीसाहेबांनी रोजच्यासारखं पुढं बसावं, फक्त लोड मांडीवर घेऊन.”

गणोजीराव लोडाला कवटाळून बसले. लोडावरून त्यांच्या फक्त मिशा दिसत होत्या. भैरोबाच्या टेकडीपर्यंत जायचं आणि परत यायचं, हा रोजचाच चाळीस किलोमीटरचा रस्ता. जाताना डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा अठरा झाला, मग वीस. पोर्चमध्ये गाडी थांबली, तेव्हा आकडा होता बावीस पूर्णांक आठ!

“दोन दशांश कमी आले, सरकार,” पोर्चमध्येच थांबलेली केतकी खिडकीतून आकडा बघून खाली मान घालून म्हणाली. “माझंच काहीतरी चुकलं असेल.”

राजेसाहेब एवढे हसले, की गाडी डोलायला लागली. “तुम्हाला आम्ही चोर शोधायला लावलं आणि त्याला कुशीत घेऊन आम्हीच फिरत होतो! हणमंता, किल्ली तुझी आणि खोल्याही कायमच्या तुझ्या. आणि पोरी, तुला काय हवं? माग!”

केतकीनं रात्रभर जागून मागण्यांची यादी केली होती. त्यातलं आता एक आठवेल तर शपथ! तोंडातून निघालं ते एवढंच, “दोन तास झोप, सरकार.”

“दिली! रोज दुपारी दोन ते चार, हे पिल्लू आमच्याकडे!”

“पण सरकार,” लोडामागून गणोजीराव बोलले, “आपल्याला लहान मुलं सांभाळायची सवय कुठाय?”

“नाही कशी? चाळीस वर्षं तुम्हाला सांभाळतोय!” म्हणत राजेसाहेबांनी दोन्ही हात पुढं केले. “आणा इकडं छकुलीला!”