हिशेबाच्या पानातलं मीठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे आपल्या नगरात पायी फिरत आणि रस्ता चुकले तर लोकांना विचारत.

अशाच एका राजाचं टेकडीवर एक नगर होतं. मोठं नेटकं नगर! घरोघरच्या मोरीतलं पाणी दगडी पन्हळीत उतरे, पन्हळीतून मोठ्या गटारात आणि गटारातून टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या तळ्यात. त्या तळ्याला मळतळं म्हणत. तिथं गाळ खाली बसे, पाणी लव्हाळ्यांतून हळूहळू पुढं सरके आणि नदीला मिळेपर्यंत इतकं निवळे, की त्यात मासे खेळत.

मळतळ्याच्या एका अंगाला विटा-चुन्याचा बांध होता. बांधाच्या पलीकडे खालच्या आळीची विहीर, गोड्या पाण्याची. घाण पाणी आणि पिण्याचं पाणी यांच्यामध्ये तेवढा एक बांध काय तो उभा.

ह्या सगळ्याच्या देखभालीसाठी प्रत्येक घर निचरापट्टी भरायचं. पट्टी भरली, की लोक मोकळे. पाणी एकदा मोरीतून गेलं, की ते नगराच्या मनातूनही जायचं.

कारभार पाहायला एक म्हातारे कारभारी होते. सचोटीचा माणूस. सरकारी दौतीतल्या शाईनं घरचं पत्रसुद्धा कधी लिहिलं नाही. वर्षातून एकदा ते सगळ्या खर्चाचा हिशेब वाचून दाखवत आणि राजाचा तपासनीस त्यावर शिक्का उमटवी.

ह्या हिशेबाची एक रीत होती. तपासनिसानं त्या दिवशी कारभाऱ्यांच्या घरी जेवायचं. केळीचं पान मांडलं जाई, आधी चिमूटभर मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग पुरणपोळी आणि वर तुपाची धार. जेवण झालं, विडा खाल्ला, की वाचन सुरू. आता तुम्हीच सांगा, पुरणपोळी जेवून तक्क्याला टेकलेला माणूस काय प्रश्न विचारणार? आणि डोळे उघडे असले तरी तोंड बंदच. कारण नगरात सगळे मानत, की ज्याचं मीठ खाल्लं त्याला हिशेब विचारू नये.

एका वर्षी जुना तपासनीस थकून घरी बसला. गटाराचं काम म्हटल्यावर दुसरं कुणी पुढं येईना. शेवटी राजानं एका मुलीला बोलावलं. ती परगावच्या विद्यापीठात गणित शिकून नुकतीच परतली होती. हुशार होती, पण अतिशय भित्री. भांडं पडलं तरी दचके, पाठीमागून कुणी शिंकलं तरी दचके. आळीत तिचं नावच दचकी पडलं होतं.

“महाराज, मला जमेल का?” तिनं विचारलं.

“काय जमायचं आहे त्यात?” राजा हसला. “जेवायचं आणि शिक्का मारायचा.”

झालं! दचकीची झोप उडाली. शिक्का मारल्यावर चूक निघाली तर? हिशेबात एखादी वस्तू आली आणि ती आपल्याला ठाऊकच नसली तर? त्या भीतीपोटी ती हिशेबाच्या आदल्या दिवशी, सकाळी सकाळी, पन्हळीच्या कडेनं टेकडी उतरू लागली. म्हटलं, ज्या ज्या गोष्टीवर खर्च होतो ती एकदा डोळ्यांनी तरी पाहून ठेवावी.

आजवर एकही तपासनीस मळतळ्यापर्यंत गेला नव्हता, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर तीही गेली नसती.

मळतळ्याशी पोचली आणि लव्हाळ्यांतून एक पाणकोंबडी फडफडत उडाली. “अगं बाई!” म्हणून दचकीनं शेजारचा बांध घट्ट धरला. जरा सावरल्यावर तिनं हात पाहिला. हाताला चुना लागायला हवा होता. लागला होता चिखल. बोटांनी जरा उकरलं, तर ओली माती ढेकळासारखी सुटली आणि आतली वीट हलली.

पलीकडे विहिरीवर खालच्या आळीची एक बाई पाणी ओढत होती.

“मावशी,” दचकीनं हाक मारली, “पाणी कसं आहे हो विहिरीचं?”

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. “खरं सांगू? यंदा सकाळच्या पाण्याला वास येतो. परवा माझ्या नातवाचं पोट बिघडलं. पण बोलू कुणाला? कारभारी एवढा देवमाणूस!”

दचकी घरी आली ती मनात दगड घेऊनच. दरसाल हिशेबात बांधाच्या चुन्याचा खर्च असतो, हे साऱ्या नगराला माहीत. मग चुना गेला कुठं? आणि हे विचारायचं कुणाला, तर कारभारी आजोबांना! लहानपणी आई तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दचकी दोन्ही वेळा त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवली होती. कारभारीणकाकूंनी तिची वेणीसुद्धा घातली होती. त्यांना चोर म्हणायचं? आणि नाही विचारलं, तर तो बांध?

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांच्या ओसरीवर माणसांची गर्दी. पान मांडलेलं. पुरणाचा घमघमाट.

“ये गं, बाळ,” कारभारी म्हणाले. “एवढीशी होतीस, आमच्या उंबऱ्यावर बसून वरणभात खायचीस. आता आमचीच तपासनीस!”

“दचके, हिशेबातून उंदीर उडी मारेल हां!” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

कारभारीणकाकूंनी पानावर मीठ वाढलं. दचकी त्या मिठाकडं बघत राहिली. हात पानाकडं जाईना.

“काय गं? घे की,” काकू म्हणाल्या.

“काकू, मला... मला जेवता येणार नाही. आधी एक विचारायचं आहे.”

आत वरणाची फोडणी चुरचुरली. त्यानंही दचकी दचकली. मग डोळे मिटून एका दमात बोलून मोकळी झाली, “आजोबा, दरसाल बांधाला चुना लागतो. मी काल बांधाला हात लावला. चुना नाही, माती आली हाताला. चुना कुठं जातो?”

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. “माझ्या घरी, माझ्या पानावर बसून, मला चोर म्हणतेस?”

“नाही, आजोबा,” दचकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “चोर नाही म्हणत. चुना कुठं आहे, एवढंच विचारते.”

“काय दिवस आले!” एकजण पुटपुटला. “ज्या घरचं खाल्लं...”

“तुम्ही गप्प बसा हो!” कारभारीणकाकू कडाडल्या. त्यांनी एक परात आणून पानावर उपडी घातली. “तिनं अजून काही खाल्लेलं नाही. विचार गं पोरी, पुरतं विचार. पुरणपोळी काय पळून जाते? आणि अहो, तुम्ही! चुना जिथं असेल तिथं दाखवा तिला, म्हणजे संपलं. रागावताय कशाला?”

कारभाऱ्यांनी काठी उचलली. “चल,” ते एवढंच म्हणाले.

गुडघे धरल्यापासून कारभारी टेकडी उतरलेच नव्हते. बसत उठत, दचकीच्या खांद्याचा आधार घेत ते बांधाशी आले. मागं सगळी ओसरी. त्यांनी स्वतःचा हात बांधाला लावला. चिखल. दुसरीकडे लावला. तिथंही चिखलच. म्हातारा मटकन खाली बसला.

बांधाशेजारीच गवंड्याचं घर. तो धावत बाहेर आला.

“गवंडीदादा,” कारभाऱ्यांनी विचारलं, “मी दरसाल गिलाव्याची मजुरी पाठवतो ना रे?”

“पाठवता की. घरपोच. वर दिवाळीला लाडवांचा डबा.”

“मग गिलावा?”

गवंड्यानं मान खाली घातली. “चुना कुठं येतोय, मालक? ओढ्यावरचा लाकडी साकव पुरात वाहून गेला, तेव्हापासून चुन्याचा कण नाही बघितला. आम्हाला वाटलं, यंदा तुमचा हात आखडला असेल. दरसाल तसंच वाटायचं. आम्ही आपली माती लिंपायचो. लाडू खाऊन वर चुना कसा मागायचा?”

“पण चुन्याचे पैसे मी गाडीवानाला देतो! तो मला भेटतो, पाया पडतो!”

गाडीवानाला हाका गेल्या. त्याचं घर गटाराच्या ओढ्यापलीकडे. तो समोरच्या काठावर येऊन उभा राहिला आणि काय भानगड आहे ते ऐकून तिथूनच ओरडला, “म्हणजे काय! मी दरसाल चुना टाकतो! तुम्हीच म्हणाला होता, साकवापाशी टाक. हा काय, साकवाच्या छपराखाली!”

“अरे, साकव तर वाहून गेला!”

“साकव गेला, छप्पर आहे ना! मी म्हटलं, ह्या काठावरून त्या काठावर चुना न्यायची काहीतरी सोय केली असेल कारभाऱ्यांनी. मोठ्या माणसाला कसं विचारायचं, की सोय केली का म्हणून? तुमच्या घरचं जेवलोय मी, मालक!”

सगळ्यांनी माना वळवल्या. समोरच्या काठावर वेलींनी झाकलेलं एक छप्पर होतं आणि त्याच्याखाली पांढराफटक ढीग. इतकी वर्षं डोळ्यांसमोर!

“तो ढीग?” गवंडी तोंडात बोट घालून म्हणाला. “तो रोज दिसतो मला. म्हटलं, असेल दुसऱ्या कुठल्या कामाचा.”

वरच्या पुलावरून वळसा घालून लोक तिकडं गेले. चुना होता, सगळाच्या सगळा होता. पण ओल खाऊन खाऊन त्याचा दगड झाला होता. पहार मारली तर ठिणगी उडावी असा.

कुणी चोरी केली नव्हती. पैसा दिला गेला होता, चुना आला होता, मजुरी पोचली होती. फक्त बांधाला काही मिळालं नव्हतं.

“मी चोर नाही, हे आज ठरलं,” कारभारी हळूच म्हणाले, “आणि चांगला कारभारी नाही, हेही. मला वाटायचं, बांध बघायला उतरलो तर गवंड्याला वाटेल, आपल्यावर भरवसा नाही. त्याच्या बापाच्या पंगतीला जेवलो होतो मी.”

“आजोबा,” दचकी म्हणाली, “तुम्ही पैसा सांभाळलात. तो कामाला लागला की नाही, हे बघायचं आम्हा तपासनिसांनी. आम्ही पुरणपोळी खाऊन झोपलो.”

तेवढ्यात गवंडी ढिगाभोवती फिरून आला. त्यानं एक ढेकूळ हातात घेऊन फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. “मालक, हा चुना वाया नाही गेला! दगड झालेला चुना पुन्हा भट्टीत घातला, की पुन्हा कळीचा चुना होतो. लाकूडफाटा काय तो लागेल.”

“लाकूडफाटा माझ्याकडून,” गाडीवान म्हणाला, “आणि ह्या खेपेला बांधापर्यंत गाडी. वळसा पडला तर पडू दे.”

मग काय विचारता! दुसऱ्याच दिवशी भट्ट्या पेटल्या. खालच्या आळीच्या बाया घमेली घेऊन आल्या. राजालाही बातमी गेली आणि तो मळतळं कुठं आहे हे रस्त्यात लोकांना विचारत विचारत आला. त्याला ते ठाऊकच नव्हतं! बांध पायथ्यापासून उकरला, विटा नव्यानं बसवल्या, गिलावा चढला. विहिरीचं पाणी उपसलं आणि नवे झरे लागले. त्या मावशीच्या नातवानं पहिला तांब्या तोंडाला लावला आणि “गोड आहे!” म्हणून उरलेलं दचकीच्या अंगावर उडवलं. ती दचकली. सगळे हसले, आणि ह्या खेपेला तीही हसली.

पण मी जरा पुढं गेले. हिशेबाच्या त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, सगळे टेकडी चढून परत आले होते. कारभारीणकाकूंनी परात उचलली. पान तसंच होतं, पोळी निवली होती. काकूंनी त्यावर गरम दूध ओतलं.

दचकीला अशी भूक लागली होती म्हणून सांगू! तिनं एक पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला नको म्हणाली आणि खाल्ली. कारभारी शेजारी बसून तिला वाढत होते.

“खा,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा आमच्या पानावर हिशेब पुरा करून कुणी जेवतंय.”

तेव्हापासून त्या नगराची रीत बदलली. आजही तिथं हिशेबाच्या दिवशी तपासनीस आधी टेकडी उतरतो, बांधाला हात लावतो, मनात येईल ते सगळं विचारतो. कारभारी रागावत नाहीत, उलट कुणी काही विचारलं नाही तर काळजीत पडतात. प्रश्न संपले, की मग पान मांडतात. आणि त्या एका दिवशी मीठ सगळ्यांत शेवटी वाढतात.

तात्पर्य: भरवशाच्या माणसालाही हिशेब विचारावा, कारण न विचारता ठेवलेला भरवसा ओलीतल्या चुन्यासारखा असतो, असून कामाला येत नाही.